बरणीचं वजन

३ नोव्हेंबर, सोमवार

नेहा आली. तीन बॅगा घेऊन! दहा-पंधरा दिवसांसाठी तीन बॅगा?

माझी धाकटी जाऊ. सांगवीचा फ्लॅट रंगवायला काढलाय म्हणे, आणि प्रज्वल, माझा दीर, त्याच्या आयटी कंपनीच्या कामासाठी बेंगळुरूला गेलाय. लोक रंग दिवाळीआधी काढतात. ह्यांनी दिवाळी झाल्यावर काढला. विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. सासूबाईंना आनंद मावेना. "कामून इतकी वाळलीस गं माय?" म्हणत दोनदा तिच्यावरून बोटं मोडली.

बाथरूमच्या फळीवर लगेच तिची ती बरणी आली. जाड काचेची, सोनेरी झाकणाची. सहा हजार चारशे रुपये! दोन बोटांएवढं क्रीम आणि सहा हजार चारशे! पाडव्याला सगळ्यांच्या देखत मला म्हणाली होती, "ताई, चेहऱ्याला स्वस्त काही लावू नका हो. दिसतं ते." बोलली माझ्याशी, बघत होती माझ्या वांगाकडे. मुलाच्या वेळी आलेलं वांग. मुलगा आता लातूरला अकरावीत आहे, वांग इथेच आहे, दोन्ही गालांवर.

रात्री दात घासताना बरणी उलटी करून बघितली. मागे बारीक अक्षरांत पत्ता होता. चाकण, गट नंबर अमुक-तमुक. माझ्याच कंपनीचा! हसूच आलं. आम्ही दुसऱ्यांच्या नावांनी क्रीम भरतो. ही बरणी आमच्याच दोन नंबर लाइनवरची, आणि मी मेडिकलमधून घेते ती एकशेनव्वदची ट्यूब तीन नंबरवरची. अकरा वर्षं ह्या दोन्ही लाइनींवर मीच वजनं तपासतेय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत साहेबरावांना गाठलं. ते मिक्सिंगला आहेत, पंधरा वर्षं त्या टाकीवर. म्हटलं, "खरं सांगा, दोन्हीत एकच माल जातो ना?" डबा खात राहिले. मग म्हणाले, "ताई, टाकी तीच हाय. वास येगळा. महागाच्यात शेवटी एक पाकीट टाकायला आफिसातून साहेब सवता येत्यात. त्यात काय असतं, ते मला न्हाई ठावं."

झालं! म्हणजे काहीतरी वेगळं आहे. की नुसतं वेगळं आहे असं दाखवायला पाकीट? साहेबराव अर्धं सांगतात आणि अर्धं डब्यात ठेवतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन गोष्टी.

एक, भिशी लागली. सात हजार. घरात अजून कुणाला बोलले नाही.

दुसरी गोष्ट वाईट. २८ तारखेला मोठ्या गिऱ्हाइकाची व्हिजिट आहे. लाइन कोण समजावून सांगणार, ह्यावर केबिनमध्ये बोलणं चाललं होतं. मी रजिस्टर द्यायला गेले तर दार अर्धं उघडं. साहेब माझ्याबद्दल म्हणत होते, "वर्षालीला सगळं येतं, पण क्रीमच्या कंपनीत तो चेहरा पुढे कसा करायचा? त्या नव्या मुलीला उभं करा." नव्या मुलीला येऊन पाच महिने झालेत. जी व्हिजिटला पुढे उभी राहते, तीच पुढे लाइन लीडर होते, हे शिपायालाही माहीत आहे.

बाहेरच्या टेबलावर रजिस्टर ठेवून परत आले. बसमध्ये रडू आलं, खिडकीकडे तोंड करून बसले. इतका राग बऱ्याच दिवसांत आला नव्हता. साहेबांचा, नव्या मुलीचा, आणि जास्त करून त्या गालांचा.

सात हजार आहेत. बरणी सहा हजार चारशेची आहे. तेवीस दिवस आहेत. पण उपयोग होतो का? की नुसती काच विकतात?

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. ठरवलं—आपण कामावर जे करतो तेच करायचं. तपासायचं!

डाव्या गालाला नेहाच्या बरणीतलं. उजव्याला माझी ट्यूब. रोज दोन वेळा, दोन्हीकडे हरभऱ्याच्या डाळीएवढं. आइसक्रीमच्या लाकडी चमच्याने काढते, बोट घातलं तर खूण राहते. चोरी म्हणावी लागेल. म्हणू दे! पाडव्याचं ते वाक्य फुकट नव्हतं.

नेहा मंडईत गेल्यावर केकसाठी घेतलेल्या काट्यावर बरणी ठेवली. १४१ ग्रॅम. रिकामी बरणी झाकणासकट ११८ भरते, झोपेतही सांगेन. म्हणजे आत २३ ग्रॅम.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काही फरक नाही. एका दिवसात कुठून असणार!

१० नोव्हेंबर, सोमवार

१३६. आज सकाळी नेहा आरशासमोर बरणीत करंगळी घालत होती आणि मी दारात उभी. म्हणाली, "ताई, तुम्हीपण लावा ना, हवं तर." किती गोड! मी म्हटलं, "नको बाई, मला माझी ट्यूब बरी." कान तापले माझे. हिला कळलंय का?

आणखी एक. प्रज्वल व्हिडिओ कॉल करत नाही, साधा फोन करतो, आणि नेहा तो घेऊन बाल्कनीत जाते. आज मी कपडे काढायला गेले तेव्हा पलीकडून भोंगा ऐकू आला. कंपनीचा भोंगा. आयटीवाल्यांकडे भोंगा कधीपासून? दोघांत काहीतरी बिनसलंय. रंगकामाचं खोटं आहे. आमच्या ह्यांना, नवनाथना, सांगितलं तर म्हणाले, "तू ना, वजनकाटा झालीस नुसती. माणसांनापण तोलतेस." मग काय करू? अकरा वर्षं हेच केलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

१४८!

तीनदा ठेवली काट्यावर. काटा बिघडला म्हणून साखरेचा अर्धा किलोचा पुडा ठेवला, बरोबर पाचशे तीन. काटा ठीक आहे. बरणी परवापेक्षा बारा ग्रॅमनं जड झालीय. वापरून क्रीम वाढतं हे मी अजून कुठल्या लाइनवर बघितलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर डोक्यात तेच. तिला चोरी कळलीय. मला पकडायला त्यात काहीतरी घातलंय—असं काहीतरी, की लावणाऱ्याच्या गालावर पुरळ यावं! पण मग ती स्वतः कशी लावते? आज लपून बघितलं. तीच बरणी, तीच करंगळी, पूर्ण चेहऱ्याला लावलं.

मग नवी बरणी आणून जुनीत भरली? एवढा पैसा आहे, तर दूध आणायला जाताना अर्ध्या लिटरचेच सुटे का मागून घेते माझ्याकडून? काही जुळत नाही.

मी मात्र लावणं थांबवलं नाही. आता थांबले तर सगळं वाया.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नवनाथ चहा पिता पिता माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "तुझा हा गाल जरा उजळलाय का गं?" कोणता, म्हटलं. त्यांनी बोट दाखवलं.

डावा! न विचारता, न सांगता, डावा! आरशात बघितलं. खरंच आहे. उजव्यापेक्षा डावीकडचं वांग फिकं दिसतंय. म्हणजे त्या पाकिटात काहीतरी आहे. साहेबरावांच्या टाकीत शेवटी जातं ते. सहा हजार चारशे उगाच नाहीत. अकरा वर्षं ज्याला नावं ठेवली ते खरं निघालं. थोडं वाईटही वाटलं—म्हणजे चेहरासुद्धा ज्याला परवडतो त्याचाच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मागवली. मोबाइलवरून, पैसे घरी आल्यावर द्यायचे. सोमवारपर्यंत येईल. अठ्ठावीसपर्यंत किती फरक पडेल माहीत नाही, पण साहेबांनी निदान एकदा थांबून बघावं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं!

नेहा सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेली होती. तिच्या कपड्यांच्या घड्या पडल्या म्हणून उचलायला गेले. खोटं का लिहू, बघायलाच गेले होते. खालच्या बॅगेत प्लॅस्टिकची पिशवी, तिला गाठ. आत पाच रिकाम्या ट्यूबा. एकशेनव्वदच्या. माझ्याच, तीन नंबर लाइनच्या! सगळ्या कात्रीने मधोमध कापलेल्या, आतून चमच्याने खरवडून साफ केलेल्या. सहावी अर्धी भरलेली.

म्हणजे बरणीत ट्यूबच आहे. आधीपासून! जड का झाली तेही कळलं. पाडव्याला "स्वस्त काही लावू नका" म्हणणारी बाई स्वतः माझं क्रीम सोनेरी झाकणाखाली ठेवून लावतेय!

मग बसले आणि विचार केला. दोन्ही गालांना एकच क्रीम लावत होते मी. तरी डावा उजळला कसा? बराच वेळ डोकं चालेना. मग आठवलं, बस. मी कायम उजव्या खिडकीला बसते. मोशीवरून चाकणला जाताना सकाळचं ऊन उजव्या गालावर, येताना संध्याकाळचं ऊन पुन्हा उजव्याच गालावर. अकरा वर्षं! डावा उजळलाच नव्हता, उजवा रापला होता, आणि आम्ही नीट बघितलं आत्ता!

ऑर्डर रद्द केली. हसत होते एकटीच. पण डोक्यात पाडवा होताच. ह्याचा हिशेब सगळ्यांसमोरच व्हायला हवा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

केलं.

दुपारी सगळे जेवायला. नेहा पोळ्या वाढत होती. मी उठले, काटा आणला, बरणी आणली, ताटांच्या मधोमध ठेवली. म्हटलं, "बघा हं, आमच्या धाकट्या बाईंची जादूची बरणी. लावली की वाढते!" मग पिशवीतल्या कापलेल्या ट्यूबा एकेक करून मांडल्या. नवनाथ आधी हसले. सासूबाईंना काही कळेना, "क्काय झालं? क्काय हाय हे?" म्हणत राहिल्या.

मी म्हटलं, "चेहऱ्यावर दिसतं ना गं स्वस्त? मग इतके दिवस आम्हाला का नाही दिसलं?"

नेहाच्या हातातली पोळी तशीच. म्हणाली, "संपली होती ताई. एप्रिलमध्येच. बरणी चांगली होती म्हणून ठेवली." एवढंच. ट्यूबा गोळा केल्या, पुन्हा पिशवीत भरल्या, गाठ मारली. तव्यावरची पोळी करपत होती ती उलटली. सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतः जेवली नाही.

मला वाटलं होतं बरं वाटेल. दोन मिनिटं वाटलं. नवनाथ नंतर म्हणाले, "एवढं कशाला करायचं?" मी म्हटलं, "पाडव्याला तुम्ही कुठे बोललात?" ट्यूब कापून खरवडते ती बाई हौशीने नाही खरवडत, हे मला भांडी घासताना सुचलं. जरा उशिरा सुचलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हिजिट. नवी मुलगी पुढे. मला कामगारांच्या दाराशी उभं केलं—नखं बघायची, अंगठ्या काढायला लावायच्या, टोपी आणि मास्क द्यायचा. माणसं कमी म्हणून ठेकेदाराची गाडी बारा जणांना घेऊन आली. कुठल्या कंपनीत उतरायचंय ते त्यांना गाडीत बसल्यावरच कळतं.

नववा हात पुढे आला. नखं नीट कापलेली. वर बघितलं तर प्रज्वल.

"वहिनी," म्हणाला. मग अगदी हळू, "नोकरी एप्रिलमध्येच गेली. फ्लॅट सोडला. नेहाला माहितीय. दादाला नका सांगू."

मागे रांग होती. मी त्याला लग्नाची अंगठी काढायला सांगितली, टोपी दिली, आणि "पुढे चला" म्हणाले, बाकीच्यांना म्हणाले तसंच. दिवसभर तो दोन नंबर लाइनवर सोनेरी झाकणं लावत होता.

भिशीचे सात हजार पर्समध्येच आहेत. कुणाला द्यायचे ते आता कळलंय. काल ताटांमध्ये काटा मांडणारीनं ते कोणत्या तोंडानं द्यायचे?