बाबांच्या लॅपटॉपवरचा रेणू

प्रिय धाकटेराव,

आवाज असा बसलेला का, म्हणून तू फोनवर विचारलंस आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नव्हती. गेले काही महिने दुकानात दुरुस्तीला आलेला कॉम्प्युटर उघडून बसले की स्क्रू हातातून निसटतात, डाव्या हाताची बोटं आपल्याच मर्जीने हलतात. बाबांचंही सुरुवातीला असंच व्हायचं. कप फुटायचे आणि आई चिडायची. मी कोणाला न सांगता रक्त तपासून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक रेणू फिरवून दाखवला. सगळ्यांच्याच शरीरात असतो तो, रंगीत फितीसारखा गुंडाळलेला. त्यात एके ठिकाणी लाल गोळ्यांचा पुंजका होता. तुमच्यात बिघाड तिथे आहे, म्हणाल्या. मी ती फाइल मागून घेतली. धंद्याची खोड, दुसरं काय. बिघाड म्हटला की घरी आणून उघडून बघायचा.

टॅबवर नुसता काळा पडदा. फोनवर चित्र यायचं, बोट लावलं की प्रोग्राम बंद. दुकानातल्या नव्या मशीनवर लख्ख दिसलं, लाल पुंजक्यासकट. मग बाबांचा जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला. प्रोग्राम कुरकुरत उघडला आणि बघते तर फीत पुरी, रंग जागच्या जागी, लाल तेवढं गायब. मी खुर्चीतून उठले आणि घरभर फिरत राहिले. एकच फाइल दोन मशीनवर वेगळी दिसली तर त्यातलं एक खोटं बोलतंय, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. कोणतं खोटं, ते त्या दिवशी सोयीने ठरवलं. तो आठवडा फार छान गेला. पडदे धुतले, तुला फोन करून वाटेल ते बडबडले. लॉटरी लागली का, असं तू विचारलंस, तेव्हाचीच गोष्ट.

पण खोड नडली. स्क्रीनच्या कडेला रेघा येत होत्या, त्या मला बघवेनात, म्हणून ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर टाकला, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढून देणारा प्रोग्राम. जुन्याला फिती काढता यायच्या, गोळे नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि लाल पुंजका आपल्या जागी हजर. दुरुस्ती जमली म्हणून मी पहिल्यांदाच रडले.

यावर औषध नाही. बाबांचं झालं तेच माझं होईल, हळूहळू, आणि मला त्याची फार भीती वाटते. पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. हे बाबांकडून आलंय, आणि तुझ्यात आहे की नाही ते तुझं रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही. आता मूल हवं, असं तू परवाच म्हणालास. त्याआधी इकडे येऊन जा. लहानपणी सुई टोचताना तू माझ्या ओढणीआड तोंड लपवून हात पुढे करायचास. तसाच कर. मी शेजारी बसेन, तुझा हात धरेन. माझ्या उजव्या बाजूला बस, तो हात अजून स्थिर आहे.

तुझीच,
ताई