सहानंतरचा अर्धा तास

६ मे

ताई,

नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत, तूही असशील आणि गुडघा फार छळत नसेल असं धरून चालते. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर माझ्या 'हॅलो'वरूनच तू भलतेसलते प्रश्न विचारायला लागतेस आणि मुद्दा बाजूला राहतो. आज मला मुद्द्याचं बोलायचंय, म्हणून कागद घेतला.

मुद्दा पाळणाघराचा. फी भरायला माझी ना नाही. लेकरू सांभाळणं म्हणजे काय ते मलाही कळतं. पण फी भरून झाल्यावर जे सुरू होतं ना, त्याने डोकं फिरतं. साहित्याचे पैसे वेगळे. त्या साहित्यातून छोटीने आजवर एक कागदी मासा घरी आणलाय आणि त्यालाही एकच डोळा आहे. ताप असला की मुलाला आत घेत नाहीत, ते ठीकच आहे, पण त्या दिवसाच्या जेवणाचे पैसे घेतात. मागच्या महिन्यात तिला गोवर आला तेव्हा मी बिनपगारी रजा काढून घरी बसले आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे भरले. आता विजेसाठी म्हणून नवीन आकार लावलाय. का, तर बिल वाढलंय म्हणे. वाढणारच, संध्याकाळी खोलीचे पडदे ओढून दिवे लावतात. बाहेर लख्ख उजेड असतो, ताई. पडदा सरकवला तर फुकटात दिसेल सगळं.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे उशिराचा आकार. पाळणाघर सहाला सुटतं. सहाच्या ठोक्याला दारात नसलात की पूर्ण अर्ध्या तासाचे पैसे. दोन मिनिटं उशिरा धापा टाकत या नाहीतर अर्ध्या तासाने रमतगमत या, आकार तेवढाच. गेल्या महिन्यात माझा हा आकार जवळजवळ निम्म्या फीएवढा झाला. छोटीचा बाबा बोटीवरून फोन करून विचारतो, एवढे पैसे जातात कुठे? त्याला काय सांगू. तो समुद्रात, त्याला सहा वाजले काय आणि सात वाजले काय.

माझं काम तुला माहीतच आहे. कानांच्या दवाखान्यात शेवटी शेवटी हमखास एखादे आजोबा येतात. त्यांना त्या बंद खोलीत बसवायचं, काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आलं की त्यांनी हात वर करायचा. काही जण काहीच ऐकू आलेलं नसताना हात वर करतात. त्यांना नापास व्हायचं नसतं. मग सगळं पहिल्यापासून. अशा माणसाला मध्येच कसं सांगू, आजोबा उठा, माझं पाळणाघर सुटतंय?

तर पुढच्या शनिवारी पालकांची सभा आहे. आमच्यातले एक बाबा वकील आहेत, त्यांनी सगळ्यांना एकत्र केलंय. उशिराच्या आकारावर मी बोलावं असं ठरलं. "तुमच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झालाय," असं ते मला जिन्यात म्हणाले. इतक्या कळकळीने म्हणाले की मला हो म्हणावं लागलं. तू बोलण्यात वाघ. घरमालक भाडं वाढवायला यायचा तेव्हा तू त्याला कसा परतवून लावायचीस, ते मी तुझ्या पाठीमागे उभी राहून ऐकलंय. काय बोलू, ते चार ओळींत कळव.

छोटी बरी आहे. हट्ट वाढलाय. बूट घालायचा नसतो, घातला की काढायचा नसतो. घरी येईपर्यंत रस्ताभर बोलत असते, आणि मी हं हं करते. बाकी काही विशेष नाही. काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. छोटीला विचारलं, मावशी कुठे राहते? म्हणाली, फोनमध्ये.


१९ मे

ताई,

मी चार ओळी मागितल्या, तू दोनच पाठवल्यास. ना खुशाली, ना आशीर्वाद. "मी तुझ्याकडे राहिले होते तेव्हा दवाखान्याला साडेपाचला कुलूप लागायचं आणि पाळणाघर चालत दहा मिनिटांवर होतं. मग तुला उशीर होतो कसा?"

तुझं पत्र पर्समध्ये घालून मी सभेला गेले. आधी सभेचं सांगते. तुझ्या प्रश्नाकडे येते, पळून जात नाही.

मुलांच्याच खोलीत सभा होती. बसायला मुलांच्याच खुर्च्या. गुडघे हनुवटीला लागत होते. माणसं तावातावाने भांडायला आली होती, पण तसं बसल्यावर आवाज चढवायलाही लाज वाटते. मुलं आतल्या खोलीत होती आणि मधल्या दारात पंचे घेऊन काकू उभ्या होत्या. काकू म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बाई. सहानंतर थांबतात त्याही त्याच. तू त्यांना पाहिलंयस, उंच आहेत, फारसं हसत नाहीत, पण छोटी त्यांच्याच मांडीवर झोपते.

वकील बाबांनी सगळं मुद्देसूद मांडलं. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "मूल आजारी पडलं म्हणून मी काकूंचा पगार कापू का? तापाच्या दिवशी जागेचं भाडं कमी होतं का? तुम्हाला परवडत नाही हे मला दिसतं. मलाही परवडत नाही, ते तुम्हाला दिसत नाही." खोटं काय बोलल्या त्या? आणि आमचं तरी कुठे खोटं होतं. मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि माझ्या हातात एकाच बाजूचं भाषण होतं.

मग विजेचं निघालं. कुणीतरी विचारलं, संध्याकाळी पडदे कशाला ओढता? मालकीणबाईंना ते ठाऊकच नव्हतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"ऊन येतं," काकू म्हणाल्या.

"संध्याकाळी? त्या खिडकीतून?" वकील बाबा उठून खिडकीपाशी गेले. "अहो, ही पूर्वेची खिडकी. इथे सकाळी ऊन येतं."

काकूंनी पंचे दुसऱ्या हातात घेतले. मालकीणबाई सगळ्यांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलल्या. दुसऱ्याच्या पैशांवर दिवे जाळता, इतकी वर्षं काम करून एवढंही कळत नाही, असं. काकू खाली बघून ऐकत होत्या. खोलीतल्या प्रत्येकाकडे त्यांनी एकदा तरी पाहिलं, फक्त माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पडदे माझ्यामुळे होते.

ताई, त्या खिडकीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, एक बाक आहे. मी तिथे बसते.

एकदा मला खरंच उशीर झाला होता. यंत्र बिघडलं होतं, धावतपळत पोचले, तरी पाच मिनिटं उलटून गेली होती आणि पूर्ण अर्ध्या तासाचे पैसे लागले. फार जिवावर आलं. पुढच्या आठवड्यात परत तसंच झालं. रस्ता ओलांडायच्या आधीच सहा वाजून गेले. मनात आलं, पैसे तर गेलेच, मग उरलेला वेळ का सोडू? वसूल तरी करू. म्हणून बाकावर टेकले. पैसे वाया जाऊ नयेत, एवढंच डोक्यात होतं. तुझ्याकडेच वाढलेय मी, काही वाया घालवायचं नाही हे तूच शिकवलंस.

मी काहीच केलं नाही तिथे. फोन काढला नाही, कुणाशी बोलले नाही. दिवसभर मी लोकांच्या कानात ओरडत असते. घरी गेले की छोटी माझ्या कानात. त्या बाकावर कुणाला माझ्याकडून काही नको होतं. अर्ध्या तासाने उठले तेव्हा वाटलं, आता जमेल.

मग दुसऱ्या दिवशी वेळेवर पोचले होते, तरी सहा वाजायची वाट बघत बसले. मग रोजच. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. ते सगळे आजोबा मी तुला लिहायला घेतले आणि लिहितालिहिता मलाच खरे वाटायला लागले.

माझ्या नावाचा पुकारा झाला. मी उठून खरं सांगितलं असतं, तर काकूंवरचं बोलणं तिथल्या तिथे धुऊन निघालं असतं. मी उभी राहिले आणि पाठ केलेलं बोलले. आजोबांचं, हात वर करण्याचं, सगळं. चांगलं बोलले, ताई. तू ऐकलं असतंस तर माझा आवाज तुझ्यासारखा वाटला असता. एका आईने डोळे पुसले. वकील बाबांनी टाळ्या सुरू केल्या.

आम्ही जिंकलो. विजेचा आकार रद्द, उशिराचा आकार रद्द. आणि उशिराचा आकारच नाही, तर उशीरही नाही, असं मालकीणबाई म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून सहाला दार बंद. तीनदा उशीर झाला की मुलाची जागा जाईल. पडदे उघडे राहतील. जाताजाता त्यांनी हेही सांगितलं की उशिराच्या पैशांतला मोठा वाटा काकूंना मिळायचा. तो आता बंद. सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते, त्यात हे किती जणांनी ऐकलं कोण जाणे.

काकूंनी छोटीला माझ्याकडे दिलं. तिच्या बुटाचा बंद सुटला होता, तो बांधायला त्या खाली वाकल्या आणि तशाच, वर न बघता बोलल्या.

"एकदा तिनं खिडकीतून तुम्हाला पाहिलं. हात करत होती. तुम्ही वर बघितलं नाही."

मी छोटीचा हात धरला.

"मी म्हटलं, ती आई नाही, दुसरी कुणीतरी बाई आहे. मग रोज पडदा ओढून घ्यायला लागले."

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगायचं? तुम्ही येत होतात ना शेवटी." त्या उठल्या आणि पंचे घेऊन आत गेल्या. मी माफीसुद्धा मागितली नाही. सोमवारी मागेन म्हटलं, सोमवार गेला.

पण हे सगळं मी कदाचित तुझ्यापासूनही लपवलं असतं. रस्ता ओलांडून बाकापाशी आलो तेव्हा छोटी थांबली. म्हणाली, "आई, इथे एक बाई बसते. तिची पिशवी तुझ्यासारखीच आहे."

"हो का?" मी म्हटलं.

"ती आई नाहीये. ती कुणाचीच आई नाहीये. काकू म्हणाल्या."

आणि माझा हात धरून चालायला लागली. रस्ताभर बोलत होती, नेहमीसारखी.

ताई, छोटीवर माझा जीव आहे. हे लिहावं लागतंय याचीच लाज वाटते. तिला खरचटलं तरी माझ्या काळजाचं पाणी होतं. पण सहा वाजले की तिला घ्यायला पाय उचलत नाही. का, ते मला कळत नाही. दमणूक म्हणावी तर सगळेच दमतात. आता तो अर्धा तास विकत मिळायचा नाही, आणि तो मीच भाषण करून बंद पाडला. रोज वाटतं, एखाद्या दिवशी मी त्या बाकावरून उठणारच नाही. आता पडदा उघडा असेल आणि ती बघत असेल.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची आणि तू पंधराची. तू जाशील तिथे मी मागे मागे, म्हणून तुझ्या मैत्रिणी मला शेपूट म्हणायच्या. तुझी शिवणाची शिकवणी सुटली ती माझ्यामुळे. पुढे आलेलं एक स्थळ तू परत पाठवलंस, तेही माझ्यामुळेच, हे मला फार उशिरा कळलं. त्या सगळ्याचा आकार तुला कुणी दिला गं? मी तर कधी विचारलंही नाही. आज पालकांच्या न्यायासाठी भाषण ठोकून आले.

एक विचारते, खरं सांग. संध्याकाळी मी पायरीवर तुझी वाट बघत बसायचे तेव्हा तू कधी वळणावर थांबून राहायचीस का? मला लांबून बघत, अजून थोडा वेळ, अजून थोडा वेळ, असं करत? तू आल्यावर नेहमी म्हणायचीस, दुकानात गर्दी होती. असलं तर हो म्हण. मला राग येणार नाही. मला ते 'हो'च ऐकायचंय.

आणि जमलं तर ये. गुडघ्याला घेऊन ये, जिना चढायला मी हात देईन. महिना संपायच्या आत आलीस तर बरं होईल. माझं काम तुझ्यावर टाकायला बोलावत नाही, छोटीला मीच आणेन. तू फक्त सहा वाजता त्या बाकापाशी ये आणि मला उठव.

पायरीवर बसून वाट बघणारं,
तुझं शेपूट