आठ मुद्द्यांत पुस्तक

३ मार्च
संपलं एकदाचं! तीनशे चाळीस पानांचं पुस्तक आठ मुद्द्यांत कोंबलं. उद्या रेकॉर्डिंग, मग लोक बारा मिनिटांत ऐकून मोकळे. लेखक डॉक्टर आहे. लिहितो बरं, पण एकच गोष्ट चार-चारदा सांगतो.

चौथा मुद्दा मी असा लिहिला होता — रोज चाळीस मिनिटं चाललं तर काहींचं ब्लड प्रेशर उतरतं, मग डॉक्टर तपासून गोळ्या हळूहळू कमी करू शकतात. आमच्या संपादक, म्हणजे कात्रीबाई, म्हणाल्या, "ऐकणाऱ्याला जर-तर नको असतं." उरलं काय? 'रोज चाळीस मिनिटं चाला, गोळ्या सुटतात.' मी मान डोलावली. प्रत्येक सारांशाच्या शेवटी टीकेच्या तीन ओळी द्याव्या लागतात, त्यात 'पुनरुक्ती फार' असं ठोकून दिलं.

८ मार्च
आईचा फोन. बाबा रोज सकाळी माझे आठ मुद्दे ऐकत चालायला जातात म्हणे! माझ्या कामाला त्यांनी कधी काम म्हटलं नव्हतं. दिवसभर मी हवेत.

१५ मार्च
आईकडे गेले होते. बाबांचा औषधांचा डबा उघडा दिसला — ब्लड प्रेशरच्या दोन स्ट्रिप भरलेल्या, एकही गोळी काढलेली नाही. आईला विचारलं, तर ती म्हणे, आता त्या लागत नाहीत म्हणाले. लगेच त्यांना फोन लावला. बाबा चालायला गेलेले, फोन आज नेमका घरीच विसरलेले. पाऊण तास गॅलरीत उभी होते.

आले. निवांत बूट काढत बसले. मी विचारलं तर म्हणाले, त्या जुन्या गोळ्या. डॉक्टरांनी तपासून कमी पॉवरची दिलीय, ती उशाशी असते.

"पण डॉक्टरांचं मी काही सांगितलंच नव्हतं, बाबा."

"तू नाही सांगितलंस. पुस्तकात आहे की, दोनशे बाराव्या पानावर."

पुस्तक विकत आणलंय! मी सारांश केलेलं प्रत्येक पुस्तक आणतात म्हणे — पोरगी काय काय गाळते ते बघायला. जीव भांड्यात पडला. आधी रडले, मग आम्ही दोघंही हसत सुटलो.

१८ मार्च
कात्रीबाईंशी भांडले, पहिल्यांदाच. चौथा मुद्दा जर-तरसकट पुन्हा रेकॉर्ड झाला. पुनरुक्तीची ओळही काढायला लावली. तो बिचारा चार-चारदा सांगत होता ते हेच — डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

१९ मार्च
आठ तास झोपले. किती हलकं वाटतंय!

२१ मार्च
कात्रीबाईंनी एका श्रोत्याचा मेल कौतुकाने पुढे पाठवलाय. "ताई, तुमचं ऐकून आईच्या गोळ्या बंद केल्या. मनापासून आभार." तारीख सात मार्चची. खाली नंबर आहे. सकाळपासून तीनदा लावला. कुणी उचलत नाही.