सोनेरी पिकअप आणि अर्धा कोयता

४ ऑक्टोबर
लिहिन्यात चुका व्हतील, माफी. नववीत शाळा सोडली अन् एका बोटानं टाइप करायलो, टाइम लागतो. माफी कुनाला मागायलो काय माहीत, वाचनार मीच. पन मोठ्या आर्टिस्टला सवय पाहिजे.

देवीच्या मिरवनुकीत उत्तरेश्वरदादाच्या बँजो पार्टीत गिटार वाजवली. मामानं पुन्याच्या बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातून आनलेली. अर्धी पोकळ, वर दोन भोकं. गाडीवरच्या भोंग्यासमोर हुबा ऱ्हायलो अन् गिटारीनं अशी शिट्टी मारली की घोडा उधळला, पुजारी ताटासकट खाली.

बँजोवाला रामहरी म्हनला, बे अंगद, भोंग्यापून बाजूला व्हय, पोकळ गिटार हाय, वरडनारच.
रामहरीला काय कळतंय. दोष पिकअपचा हाय. पिकअप म्हंजे तारंखालचं चुंबक, आवाज धरनारं. बदलायचं. ठरलं.

६ ऑक्टोबर
आबा म्हनले, आपल्या पुढारी भाऊच्या वाढदिवसाच्या मिरवनुकीनंतर उत्तरेश्वरनं तुला पक्का घेतला तर गावात ऱ्हा. न्हाईतर धुळाजी मुकादमाला अर्धा कोयता सांगतो, चल माझ्या अन् मायच्या संगं ऊसतोडीला. नवरा-बायकूची जोडी म्हंजे एक कोयता, एकटा गडी अर्धा.
टेन्शन न्हाई. रोज पहाटं रियाज.

७ ऑक्टोबर
पहाटं लाईट नव्हती.

८ ऑक्टोबर
पिकअपचा लई अभ्यास केला. सिंगल कॉइलचा आवाज बारीक, पन गुनगुन करतंय. हमबकरमधी दोन कॉइल, आवाज जाड, गुनगुन न्हाई. एक गोरा व्हिडिओत सांगायलता की पोकळ गिटारीला कोनतं चुंबक घ्यावं. इंग्लिश कळलं न्हाई, पन मान हालवायलता, म्हंजे माझंच बरोबर.
शेवटी सोनेरी टोपनाचे हमबकर पसंत केले. भाऊच्या वाढदिवसाला ड्रोन असतंय, वरून चमकले पाहिजेत.
माझी शेळी शेजारच्या मुंजाजीला इकली, पिकअप मागवले. मायनं दिवसभर भांडी आपटली. कलाकाराच्या घरी असंच असतंय.

१३ ऑक्टोबर
पिकअप आले. ह्या गिटारीला मागून झाकन नसतंय, सगळं भोकातून आत सोडावं लागतं. व्हिडिओत म्हनले, काढायच्या आधी बटनांना दोरा बांधा, म्हंजे वढून जाग्यावर आनता येतंय. दोरा नवशिक्याला लागतो, मी बांधला न्हाई.
सगळी बटनं गिटारीच्या पोटात गेली.
पाटोद्याला मोबाइलवाल्या तानाजीकडं नेली. त्यानं वाकडी तार घालून दुपार घालवली. म्हनला, बे, आडलेल्या म्हशीचं रेडकू काढनं सोपं हाय. एक नट आतच ऱ्हायला. हालवली की खुळखुळ वाजतीय. चांगलंय, ताल बी झाला.
तानाजीच्या दुकानातल्या स्पीकरच्या डब्यावर लावून बघितली. तीच शिट्टी. डबा हलका हाय.

१७ ऑक्टोबर, रात्री
आज मिरवनूक. भोंग्याच्या बरोब्बर समोर हुबा ऱ्हायलो, रामहरीला दिसावं म्हनून. एकदा पन शिट्टी न्हाई. एकदा पन. सगळी गानी वाजवली, पोरं गुलालात नाचली, ड्रोन माझ्याच डोक्यावर.
दादा म्हनले, आज लई चांगला वाजवलास बे, कुनाला कायी तरास न्हाई. रामहरी हासला. जळतंय त्याचं.
पिकअपमुळं किती फरक पडतो, लोकांना माहीत नसतंय.
सामान आवरताना दिसलं, माझ्या वायरीचं दुसरं टोक आवाजाच्या मशीनला नव्हतं. रामहरीनं ते जनरेटरच्या दांडीला बांधलतं. अर्थिंगसाठी आसंल. विचारनार हुतो, पन गर्दी हुती.

१९ ऑक्टोबर
दादाच्या दुकानापुढं गेलतो, पक्कं करून घ्यायला. त्यांनी विचारलं, काय रे? मी म्हनलो, कायी न्हाई, हिकडून चाललतो. परत फिरून आलो. पुन्हा विचारलं, काय रे? मी म्हनलो, आता तिकडून चाललो.
उद्या नक्की.

२४ ऑक्टोबर
विचारायची गरजच पडली न्हाई. दादा सोताच घरी आले. मी आतल्या खोलीत हुतो, सगळं आयकलं.
म्हनले, व्हिडिओत गिटार लई भारी दिसती, ते सोनेरी तर नुसतं चमकतंय. लगीनसराईला पार्टीत पाहिजे.
आबा म्हनले, अन् पोरगं?
दादा म्हनले, पोरगं कशाला? वाजवायची कुटं हाय. भाचा हाय माझा, भागवत, उंच हाय, केस बी हायेत. त्याच्या गळ्यात टाकू. ह्याचं तोंड व्हिडिओत घाबरल्यावानी दिसतंय.
आबा लई हासले. मग आत आले, गिटार उचलली अन् दिली. दादा गिटार घिऊन निघाले तवा आबांना नटाचा आवाज आला. विचारलं, ह्यात काय मोडलंय का? दादा म्हनले, आसू द्या, चालतंय.
मला बाहेर येऊन सांगायचं हुतं की भागवतला पट्टा मोठा करावा लागंल. न्हाई आलो.
एक गोष्ट मान्य करावी लागंल. पिकअपची निवड बरोबर निघाली.

२७ ऑक्टोबर
ट्रॅक्टरमधी बसलो, भांड्यांच्या मधी. धुळाजी मुकादम माझा दंड दाबून आबांना म्हनला, अर्धा कसला, हे पावच हाय. घेतलं पन.
कोयत्याच्या मुठीवर चार बोटं धरून बघितली. गिटारीची कॉर्ड बसतीय. फडात रोज रियाज.

मुंजाजीची शेळी व्याली म्हनं. दोन पाटी, माद्या पिल्लं.