उजवा खुबा

३ फेब्रुवारी

मोजा! एक साधा मोजा घालता येत नाही! पलंगाच्या कडेला बसून झटतेय आणि उजवा पाय म्हणतोय, जमणार नाही जा. शेवटी कापड मोजायच्या पट्टीने ढकलला, तर टाचेपाशी अडकला. तसाच बुटात कोंबून कामाला गेले.

नाट्यगृहाचं कपड्यांचं खातं तळघरात. इतकी वर्षं तिथे शिवतेय, पण जिना एवढा लांब कधी नव्हता. नव्या नाटकातल्या राजाच्या झग्याचं माप घ्यायला खाली वाकले आणि कळ अशी आली की राजाचाच दंड धरला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही बसा, मी स्टुलावर चढतो." सगळे हसले. मीही हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ फेब्रुवारी

सर्जनकडे. त्याने एक्स-रे दिव्यासमोर धरला. "खुब्यातली गादी संपलीय. हाडावर हाड घासतंय. सांधा बदलायला हवा."

मी म्हटलं, एप्रिलमध्ये पहिला प्रयोग आहे.

"मग तो तुमच्याशिवाय होईल."

उद्धट! माणूस बरोबर बोलत असला की आणखीच उद्धट वाटतो.

१० फेब्रुवारी

चिरंजीवांना कळवलं. "नर्स ठेवतो," म्हणाला. चोवीस तास परकी बाई घरात? मुळीच नको!

११ फेब्रुवारी

आज सूनबाईंचा फोन. "आई, मी येते. माझं काम लॅपटॉपवर, कुठूनही होतं." मी म्हटलं, अगं काही गरज नाही. तर म्हणे, "तारीख सांगा फक्त."

तारीख सांगा फक्त! हुकूम सोडतेय.

२० फेब्रुवारी

खुबा बदलायचा तर आधी दात तपासून या, म्हणे. दाढ किडलेली असेल तर तिथले जंतू नव्या सांध्यात जाऊन बसतात. झालं, एक दाढ गेली. अजून पायाला कुणी हात लावलेला नाही!

४ मार्च

सूनबाई हजर. एक मोठी बॅग, एक छोटी. इतकं सामान? महिन्याभराला?

आल्या आल्या घर उलथंपालथं. पायपुसणी गुंडाळून माळ्यावर, का तर मी घसरेन. माझ्या खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे, संडासावर उंच सीट. डबे वरच्या फळीवर, कारण वाकायचं नाही. मीठ सापडेना. माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणी!

"नवराही असाच सांभाळतेस का?" मी थट्टेत विचारलं. "त्याला सवय नाही," म्हणाली आणि ठोकळा ठोकत राहिली.

१० मार्च

परवा झालं एकदाचं. कमरेखाली बधिर केलेलं, पण कान शाबूत. पडद्यापलीकडे सुतारकाम! करवत, हातोडा, ठाकठोक. कुणीतरी म्हणालं, "अजून एक साइज मोठा द्या." मनात म्हटलं, शिलाईत धरायला जागा ठेवा.

चिरंजीव आले होते. मला बाहेर आणलं तेव्हा तो एका टोकाच्या खुर्चीवर, सूनबाई दुसऱ्या टोकाला. भांडले असणार, आणि नक्की माझ्यावरून. तो संध्याकाळच्याच गाडीने परत. महत्त्वाची मीटिंग. आईपेक्षा!

११ मार्च

उभी राहिले. वॉकर, दोन नर्सा आणि शिव्या.

१६ मार्च

घरी. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवून उताणं झोपायचं. कूस बदलायची नाही. पायावर पाय टाकायचा नाही. खाली पडलेलं उचलायचं नाही. आज चष्मा पडला. समोर दिसतोय — नाही, चष्म्याविना दिसतही नाही! — आणि हाका मारत बसायचं. सूनबाई लॅपटॉपशी बोलत होती. तिचं संपेपर्यंत मी छताकडे बघत राहिले.

पोटात रोज सुई, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. तीच टोचते. हात हलका आहे. कबूल करायला जिवावर येतं.

१९ मार्च

आज अंघोळ. उंच स्टुलावर मी, टॉवेलाने झाकलेली. ती पाणी घालतेय. मग खाली बसली आणि माझी पायाची नखं कापू लागली. न विचारता! दोन वर्षांत माझा हात तिथवर पोचलेला नाही. काय झाली होती ती नखं — लाज वाटावी अशी. "राहू दे," म्हटलं. "हलू नका, लागेल."

रडू आलं. रागानेच. तिने पाहिलं असेल तर दाखवलं नाही.

२६ मार्च

व्यायाम शिकवायला फिजिओबाई येतात. "आजी, पाय सरकवा. अजून. अजून थोडा." आजी कोण? त्या गेल्या की सूनबाई तेच सुरू करते, त्याच सुरात. मी म्हटलं, दुखतंय. "दुखणारच." मी म्हटलं, उद्या करू. "आजच." पोटची मुलगी असती तर एखादा दिवस सोडून दिला असता.

२ एप्रिल

नाट्यगृहातून मॅनेजरचा फोन. झगा पुढून आखूड झालाय, राजाच्या नडग्या दिसतात, पण "तुम्ही काळजी करू नका." काळजी करू नका! मी म्हटलं, झगा घरी पाठवा. सूनबाईने हातातून फोन घेतला. "त्यांना अजून मशीनवर बसायची परवानगी नाही." आणि ठेवला!

दुपारभर बोलले नाही तिच्याशी. तिलाही फरक पडला नाही. जिन्यात उभी राहून कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. परत आली तेव्हा डोळे लाल. विचारावंसं वाटलं. पण अबोला माझा होता, मोडू कशी?

९ एप्रिल

वॉकर गेला, काठी आली. काठी म्हणे दुखऱ्या नव्हे, चांगल्या बाजूच्या हातात. उलटंच सगळं. पण चालले गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत! ती मागे दोन पावलं. हात पुढे नाही केला, पण खिशातही नव्हता घातला.

१५ एप्रिल

भांडण. मोठं.

मी स्वतः चहा केला. स्वतः! ती येऊन म्हणाली, "गरम भांडं हातात घेऊन फिरू नका, एक हात काठीला हवा." तिथेच ठिणगी पडली. म्हटलं, "मी आता बरी आहे. माझा मुलगा तिकडे एकटा बाहेरचं खातोय आणि तू इथे ठाण मांडून बसलीस! बाईने आपलं घर आधी बघावं!"

तिने चहाचं भांडं माझ्या हातातून घेतलं, दोन कपांत ओतलं, माझा टेबलावर ठेवला. स्वतःचा तिथेच राहिला.

उद्या चिरंजीवांनाच सांगते. घेऊन जा तुझी बायको.

१६ एप्रिल

सकाळीच फोन लावला. "अरे, बोलावून घे आता तिला." पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग: "आई, आम्ही वेगळे झालोय. गेल्या वर्षीच. तुझं ऑपरेशन झालं की सांगणार होतो."

"मग ही इथे कशी?"

"मी नको म्हणालो होतो तिला. तिने ऐकलं नाही."

फोन ठेवला. ती आत माझी चादर बदलत होती. हाक मारायला तोंड उघडलं — सूनबाई? काय म्हणून मारू?

तेवढ्यात आतून तीच: "आई, फोन झाला असेल तर या. व्यायाम राहिलाय."

गेले.