चेहरा पाहिल्याशिवाय

२ मार्च
गंगापूरहून टेम्पो आला, सामान लागलं, आणि मुकुंदवाडीतलं दोन खोल्यांचं घर एकदाचं आमचं झालं! अभयच्या वाळूजच्या कंपनीची बस कोपऱ्यावरच थांबते, नवरोबा खूश. सायलीला पाच मिनिटांत मैत्रिणी मिळाल्या आणि सहाव्या मिनिटाला लपाछपीत तिच्यावर राज्य आलं. नव्या गड्यावर पहिलं राज्य, हा नियम इथंही आहेच. सात वर्षांची लेक आणि तोरा पाटलिणीचा. रडली नाही, एवढंच नशीब.

५ मार्च
इथली पोरं बिलंदर. लपताना फ्रॉक, शर्ट अदलाबदली करतात. राज्य असणाऱ्यानं चुकीचं नाव घेतलं की 'अंडं फुटलं' म्हणून गलका, आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. सायली म्हणाली, पाण्याच्या टाकीमागची एक मुलगी तिचा पिवळा फ्रॉक मागते, पण स्वतःचं नाव सांगत नाही. खालच्या नजमाभाभींना मी हे हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "सूरत देखे बगैर नाम नक्को लेना, ताई," एवढंच म्हणाल्या.

८ मार्च
पोरांनी आज मलाच राज्य दिलं. टाकीमागं पिवळा फ्रॉक दिसला, पाठमोरा. मी ओरडले, सायली इस्टॉप! कुणीच गलका केला नाही. पोरं एकदम आपापल्या घरी पळाली. ती खाली मान घालून माझ्यामागं आली.

९ मार्च
जेवत नाही. केस तोंडावर घेऊन, भिंतीकडं वळून आकडे म्हणत बसते. मी केस बाजूला सारले. चेहरा सायलीचाच. पण हनुवटीवर तीळ नाही! अभयला दाखवलं तर म्हणतो, तीळ होता कधी? मला भीती वाटतेय. घरातल्या त्या पोरीची.

१० मार्च
नजमाभाभी रडल्या. म्हणाल्या, टाकीमागं कुणाचीच नसलेली एक पोर लपते, फार वर्षांपासून. चुकून जिचं नाव तिला दिलं, तिचं घर ती घेते. खरी तिथंच लपून राहते, सापडेपर्यंत. राज्य अजून माझ्यावरच आहे. शोधायचं, चेहरा पाहायचा, मगच नाव घ्यायचं. त्याआधी माझ्या पाठीवर त्या पोरीचा धप्पा पडला, तर लेक गेली.

११ मार्च
शंभर मोजले. वही सोबत आहे— घरात ठेवली की ती वाचते.

टाकीमागं— सापडली! अंगात कुणाचा तरी करडा फ्रॉक. हनुवटीवर तीळ. माझीच.

नाव घेतेय— आवाज फुटत नाही—

लिहून दाखवते. तिला वाचता येतं.

मागं पावलं—

ती माझ्या खांद्यामागं बघतेय. वळणार नाही मी.

बाळा, इकडं बघ, वाच— तू माझी सा—