काचेच्या कडेवरचा बाण

४ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. लेन्स तीन मोज्यांत गुंडाळलेली होती आणि त्यातला एकही दुसऱ्याच्या जोडीचा नव्हता. लेन्स सुखरूप आहे.

स्टुडिओ आवरताना ती सापडली आणि आता फक्त कागदांवर वजन म्हणून ठेवायच्या लायकीची आहे, असं तुम्ही लिहिलंत. तपासल्याशिवाय ते मला मान्य करता येईना. दिवसभर सूक्ष्मदर्शकांच्या लेन्स तपासणं हेच माझं काम आहे. आमच्या प्रयोगशाळेत तक्त्यांचे फोटो काढायला एक डिजिटल कॅमेरा होता. पंधरा वर्षांचा, दहा मेगापिक्सेलचा, पकडीचं रबर सुटलेला. गेल्या वर्षी तो भंगारात निघाला तेव्हा मी रीतसर अर्ज करून मागून घेतला. त्याला एक ॲडॉप्टर रिंग लावली की तुमची लेन्स त्यावर बसते.

बसवल्यावर कॅमेऱ्याने पडद्यावर लिहिलं की लेन्स जोडलेली नाही. जुन्या लेन्सला विजेची जोडणी नसते, त्यामुळे ती आहे हे त्याला कळतच नाही. लेन्स नसली तरी फोटो काढ, असं त्याला सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं. मग तो काढतो. फोकस हाताने, उजेड अंदाजाने.

पहिला फोटो समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींचा काढला. मधली चादर शिवणीच्या टाक्यांसकट स्पष्ट आहे. तिच्याभोवतीचं बाकी सगळं, झाड, तारा, पाण्याची टाकी, गोल फिरतं आहे. बादलीतलं पाणी कुणी हाताने ढवळावं आणि हात काढून घ्यावा, तसं. नंतर तासभर मी खिडकीशीच होते. असं मी सहसा करत नाही.

चार प्रिंट सोबत पाठवते. ही लेन्स मूळची अशी नसावी. पूर्वी कुणी उघडली होती का, ते कळवावं.

आपली भाची

*

१३ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना वाटलं, मामाला भाचीचं नाही, पाणीखात्याचं पत्र आलंय. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तू तासभर खिडकीशी उभी होतीस हे वाचलं आणि चष्मा काढून पुन्हा घातला. हीच का आमची मोजपट्टी, जिने सातव्या वर्षी माझ्या मिशीची दोन टोकं मोजून एक आखूड असल्याचं जाहीर केलं होतं!

प्रिंट पाठवल्यास ते बरं केलंस. फोनवर फोटो बघणं म्हणजे दुसऱ्याचं जेवण खिडकीतून बघणं. चादरींचा फोटो मी भिंतीला लावलाय. भिंत तेवढी माझी आणखी थोडेच दिवस. ३१ मार्चला स्टुडिओची किल्ली परत द्यायची आहे, पुढे तिथे औषधांचं दुकान होणार. दिवे विकले, स्टँड विकले. तळ्याचं चित्र रंगवलेला मागचा पडदा कुणी घेईना, तो अजून टांगलेलाच आहे. दुपारी मी त्या तळ्याकाठी खुर्ची टाकून डुलक्या काढतो.

भिंगाचं विचारतेस. ते स्वस्तातलं, पण गुणाचं होतं. आमच्या स्टुडिओत फोटो मी काढायचो, आणि उघडणं, पुसणं, जुळवणं तुझ्या आईकडे. तिच्यासारखा हलका हात मी कुणाचा पाहिला नाही. एकदा त्यात बुरशी धरली. तिने संध्याकाळी ते उघडून साफ केलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या चाळीस कामगारांचा फोटो होता, थोरले साहेब निवृत्त होत होते. फोटो धुवून आला तर मधले पाच जण माणसं आणि बाकीचे पस्तीस भुतं! कारखान्याने काम काढून घेतलं. आणि मी दहा गिऱ्हाइकांसमोर तुझ्या आईला म्हणालो की तुझ्या हातात काच देऊ नये.

ती त्याच दिवशी स्टुडिओ सोडून गेली. याला एकोणीस वर्षं झाली. बोललो ते वाईट बोललो, पण चूक तिचीच होती, हे आजही माझं म्हणणं आहे. असो.

पत्रं लिहीत राहा. बिघडलेलं भिंग देऊन चांगली पत्रं मिळाली, म्हणजे आवळा देऊन कोहळाच काढला म्हणायचा.

तुझा मामा

*

२७ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

या पत्रात विनोद नाही, माफ करावं.

मी लेन्स उघडली. पुढचं कडं सोडवलं आणि पहिली काच बाहेर काढली. या काचेची एक बाजू जास्त फुगीर असते आणि ती बाहेर, म्हणजे फोटो ज्याचा काढायचा त्याच्याकडे हवी. ती आत होती. काच उलटी बसली आहे. बाकी लेन्सला काहीही झालेलं नाही. एकोणीस वर्षांत तिच्यावर ओरखडासुद्धा नाही.

काचेच्या कडेवर, जिथे ती घासलेली आणि पांढरट असते तिथे, पेन्सिलीने काढलेला एक छोटा बाण आहे. काच परत तशीच बसावी म्हणून दुरुस्ती करणारे अशी खूण करतात. लेन्स उघडली तेव्हा बाणाचं टोक बाहेरच्या बाजूला होतं.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या हातचा बाण कुठे रोखलेला असतो? आणि साफ केल्यावर काच परत कुणी बसवली?

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्ही विचारलेलं नाहीत, तरी सांगते. ती कपडे दुरुस्तीचं काम करते, ते तुम्हाला माहीत आहेच. बारीक सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवते. पण काचेला हात लावत नाही. स्वतःचा चष्मासुद्धा मला पुसायला देते. ती आळशी आहे असं मी लहानपणापासून समजत आले. तुमचं पत्र आल्यापासून मी तो चष्मा जरा जास्त वेळ पुसते.

आपली भाची

*

४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

हा काय प्रश्न झाला? बाण बाहेरच रोखलेला असणार! भिंग जिकडे बघतं तिकडे बाण. मी ज्यांच्याकडे शिकलो तेही तसंच करायचे. बंदुकीची नळी काय कुणी स्वतःकडे रोखतं?

आणि काच मीच बसवली. ती त्या सकाळी आलीच नव्हती. काच कापडावर वाळत ठेवलेली होती, कामगार दारात उभे होते, फोकस मी मधोमध बसलेल्या साहेबांच्या चष्म्यावर केला, कडेला कोण बघतंय. पण मी काच तिच्या बाणाप्रमाणेच बसवली. अगदी बाणाप्रमाणे! म्हणजे बाणच तिने चुकीचा काढला होता. झालं की नाही सिद्ध?

मामा

ता. क. ती का आली नव्हती, ते आज आठवत नाही. आठवण्याचा प्रयत्न करतोय.

*

१५ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सिद्ध झालं आहे, पण तुम्ही म्हणता ते नाही.

परवा संध्याकाळी मी आईसमोर कागद ठेवला. त्यावर एक मेणबत्ती, एक भिंग आणि एक डोळा काढलेला होता. प्रयोगशाळेतल्या शिकाऊ मुलींसाठी आकृती हवी आहे, बाण कसा काढू, असं विचारलं. ते खोटं होतं. तिने शिवणयंत्रावरून मान न उचलता, हातातल्या खडूने बाण काढला: मेणबत्तीकडून डोळ्याकडे. आणि म्हणाली की हे काय विचारायचं, आपण कुठे बघायला जातो, उजेडच आपल्याकडे येतो.

तेव्हा मला आठवलं. लहानपणी अंथरुणावर पडल्या पडल्या भिंतीवरचा कवडसा दाखवून तिने मला नेमकं हेच सांगितलं होतं. मीसुद्धा बाण तसाच काढते. आमच्या प्रयोगशाळेत सगळेच काढतात.

म्हणजे असं झालं. आईचा बाण उजेडाबरोबर आत येतो. तुमचा बाण नजरेबरोबर बाहेर जातो. तिने बाण बरोबर काढला. तुम्ही तो प्रामाणिकपणे वाचलात आणि काच उलटी बसवलीत. इतकी वर्षं एका टेबलावर काम करून तुम्हा दोघांना हे कळलं नाही, कारण उघडणारी तीच आणि बसवणारीही तीच. काच तुम्ही बसवलीत ती त्या एकाच सकाळी.

ती का आली नव्हती, तेही मला माहीत आहे. मला ताप होता. कवडशाची गोष्ट तिने त्याच आजारपणात सांगितली.

काचेबाबत तुम्हा दोघांपैकी कुणीही चुकलं नव्हतं, हे मी तपासून सांगू शकते. दहा गिऱ्हाइकांसमोरच्या वाक्याबाबत तसं सांगता येत नाही.

आईला हे मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. किल्ली ३१ मार्चला जाणार आहे. त्या खोलीत तिने नऊ वर्षं काम केलं आणि कालच तिने मला विचारलं की मामाने त्या तळ्याच्या पडद्याचं काय केलं. सहज विचारल्यासारखं विचारलं. आमच्या घरात सहज असं कुणी काही विचारत नाही.

काच माझ्या टेबलावर मऊ कापडावर ठेवली आहे. सुलट बसवायला चार मिनिटं लागतील. मी थांबले आहे.

आपली भाची

*

२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. द्यायचा हक्क राहिला असेल तर.

हे सातवं पत्र. आधीची सहा केराच्या टोपलीत आहेत. त्यांत मी बाणाची हकिगत फार सुंदर समजावली होती आणि प्रत्येकात शेवटी थोडासा मीच बरोबर निघत होतो.

म्हणून थोडक्यात लिहितो. कामगारांचा फोटो मी बिघडवला. तुझा बाण बरोबर होता, मला तो वाचता आला नाही. तुझी पोर तापाने फणफणली होती म्हणून तू आली नव्हतीस. मी एकदाही विचारलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि तुझ्या हाताला नाव ठेवलं. तो हात गेल्यावर मी सगळी भिंगं बाहेर दुरुस्तीला देत राहिलो. प्रत्येक वेळी परत आलेलं भिंग उजेडाकडे धरून बघायचो आणि कुणाला न सांगता म्हणायचो की हे तिचं काम नाही.

बाकी सगळं पोरीला विचार. आकडे तिच्याकडे आहेत.

तळं अजून आहे. खालचा कोपरा ओलीने गेलाय, म्हणजे आता खरोखरच पाण्यासारखा दिसतो. किल्ली द्यायच्या आधी एकदा ये. माझ्यासाठी नको, तळ्यासाठी ये.

तुझा दादा

*

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

पत्र दोनदा वाचलं आणि एक दिवस मशीनवर बसले नाही. गिऱ्हाइकं बोलली. बोलू देत.

तुला खरं सांगते, चूक माझी आहे असंच मी एकोणीस वर्षं समजत होते. तू तसं म्हणालास, आणि काचेच्या बाबतीत तू कधी खोटं बोलत नव्हतास. आदली रात्रभर तापात पोरगी, डोळ्यात झोप, काच साफ करताना झाली असेल चूक, असं मीच मला समजावलं. राग आला होता तो तू ते चारचौघांत बोललास त्याचा. मग पोरीने कागद ठेवून बाण काढायला लावला. शिकाऊ मुलींसाठी म्हणे! तिला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. काहीतरी शिजतंय हे मी ओळखलं, पण हे शिजत असेल असं वाटलं नव्हतं.

२४ तारखेला येते. तीन अटी आहेत. एक, माझ्यासमोर रडायचं नाही, तुझा चेहरा रडताना फार वाईट दिसतो. दोन, पडदा मी घरी आणणार. तीन, ती काच पोरीने बसवायची नाही. मी बसवीन, त्याच टेबलावर. टेबल विकलं असशील तर परत आण.

मात्र त्याआधी काच आहे तशी उलटी ठेवून एक फोटो काढायचा. तिने चादरींचा फोटो मला परवा दाखवला. आपण दोघांनी ज्याला बिघाड म्हटलं, त्याच्याकडे नीट बघितलंच नाही रे. तापात मला लहानपणी भिंत अशीच फिरताना दिसायची आणि मधोमध तू पाण्याचा पेला घेऊन उभा असायचास.

तुझी
भिंगरी

*

१६ मार्च

ती. मामा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

आई शेजारच्या खोलीत शिवते आहे, तरी तिलाही लिहून देते, म्हणजे नंतर ऐकलं नाही असं होणार नाही.

आज काच पुन्हा उलटी बसवली आणि २४ तारखेसाठी चाचणी घेतली. कॅमेरा जुना आहे. त्याला भरपूर उजेड लागतो, कमी उजेडात चित्र रवाळ येतं. म्हणून सकाळी दहा वाजता, पूर्वेच्या खिडकीचा पडदा पूर्ण उघडून. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं. अंतर अडीच मीटर. फिल्मच्या मानाने या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे भोवऱ्याची बाहेरची कड कापली जाते. तरी तळं फिरेल, खिडकी फिरेल, खांदे विरघळतील. त्याला इलाज नाही आणि मी तो शोधलेलाही नाही.

या अंतरावर मधोमध स्पष्ट येणारा भाग सदतीस सेंटीमीटर रुंद आहे. आईचं डोकं मी काल ती झोपली असताना मोजलं: पंधरा. मामांचं जुन्या फोटोवरून काढलं: साडेसोळा, आणि कान धरले तर त्याहून जास्त. बेरीज करून पाहिली. दोन खुर्च्या ठेवल्या तर कुणीतरी एक जण भूत होणार. म्हणून एकच बाक ठेवावा, आणि तुम्ही दोघांनी डोक्याला डोकं टेकवून बसावं. त्याशिवाय मला दोघं मिळणार नाहीत.

शटर दाबताना कॅमेरा लेन्स नाही असं सांगेल. तिकडे कुणी लक्ष देऊ नये.

तुमची
मोजपट्टी